जुन्या ड्रम कोअरची हळहळ खरी आहे, पण दोष भलत्यालाच दिला जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे: ओहायोत राहणाऱ्या एका मराठी पालकांची मुलगी हायस्कूलच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी फुंकवाद्य वाजवते. पुढच्या उन्हाळ्यासाठी तिला एका ड्रम कोअरच्या, म्हणजे मैदानात चालत ड्रम आणि पितळी वाद्यं वाजवणाऱ्या स्पर्धक पथकाच्या, ऑडिशनला जायचंय. शेजारचे आजोबा सत्तरच्या दशकात कोअरमध्ये होते. ते म्हणतात, खरा ड्रम कोअर केव्हाच संपला, आता उरलाय तो स्पीकर लावून केलेला नाच. जुन्या चित्रफिती लावल्या की त्यांचे डोळे भरून येतात. पालक विचारतात, हे नुसतं ‘आमच्या वेळी’ आहे, की खरंच काही हरवलंय?

खरंच हरवलंय. आजोबांचे डोळे उगाच भरत नाहीत. पण ते दोष देतात स्पीकरला आणि नाचाला, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. मी इथे बरीच वर्षं मुलांना ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, शिकवतोय, आणि माजी सदस्यांच्या एका कोअरमध्ये अजूनही जुनं जी बिगुल वाजवतो. दोन्ही आवाज रोज कानात असतात. माझ्या मते, या कलेचं वळण बदललं ते दोन गोष्टींनी. एक म्हणजे गुण देण्याची पद्धत आणि दुसरी म्हणजे गावोगावचे छोटे कोअर बंद पडणं. स्पीकर नंतर आले.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी ड्रम आणि बिगुलांची पथकं उभी केली. सैन्यात शिल्लक पडलेली बिगुलं स्वस्तात मिळत होती. आपल्याकडे २६ जानेवारीच्या संचलनात शाळेचं पथक वाजवतं तसंच बिगुल, त्याला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायला दाबायची कळ, नाही, ओठांच्या ताणावर निघतील तेवढेच चार-पाच सूर. पुढे चर्चनी, स्काउट्सनी, पोलिसांच्या युवक मंडळांनीही पथकं काढली. परेड झाली की फुटबॉलच्या मैदानावर स्पर्धा. १९७१ मध्ये मोठ्या कोअरच्या संचालकांनी एकत्र येऊन ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, ही स्वतःची संस्था काढली. वायोमिंगमधल्या कॅस्पर गावच्या ट्रूपर्सचे जिम जोन्स आणि शिकागोच्या कॅव्हेलियर्सचे डॉन वॉरन त्यात पुढे होते. पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली आणि अ‍ॅनाहाइम किंग्समेननी ती जिंकली. आजोबांचा काळ तो हाच.

आता वाद्याकडे येतो, कारण जुन्या आवाजाचं निम्मं गुपित वाद्याच्या उणिवेत आहे. बिगुल जी सुरात बांधलेलं असे. आधी त्याला एक आडवा पिस्टन आला, मग जोडीला एक रोटर; दोन्ही व्हॉल्व्हचेच प्रकार. डीसीआयमध्ये १९७७ ला दोन उभ्या व्हॉल्व्हची परवानगी मिळाली, १९९० ला तिसऱ्याची. २००० साली जी सुराची अटच गेली आणि बी फ्लॅट, एफ अशी बाजारात सहज मिळणारी वाद्यं मैदानात आली.

दोन व्हॉल्व्हचं बिगुल हातात घेतलं की काय होतं ते सांगतो. ट्रम्पेटवर खालचा ‘डी’ काढायला पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह दाबतात, त्याच्यावरच्या ‘ई फ्लॅट’ला दुसरा आणि तिसरा. बिगुलावर तिसरा व्हॉल्व्हच नाही, म्हणजे हे दोन्ही सूर त्या वाद्यात नाहीतच. मधल्या सप्तकातला ‘ए फ्लॅट’ही नाही. वरच्या पट्टीत मात्र जवळजवळ सगळं मिळतं, कारण तिथे नैसर्गिक सूर दाटीवाटीने येतात. मग संगीत बसवणारा काय करणार? तो धून वरच्या पट्टीत नेतो आणि सोप्रानोंना, म्हणजे उंच आवाजाच्या बिगुलांना, नसलेला सूर खालच्या आवाजाच्या बॅरिटोनकडून काढून घेतो. एवढं करूनही तो स्वरसमूह नीट बसत नसेल तर तुकड्याचा मूळ सूरच बदलतो. सगळं लेखन असं उजळ आणि उंच पट्टीकडे ढकललं जाई. त्यात या वाद्यांची नळी रुंद, वजन जास्त आणि तोंड थेट समोर. सगळी रांग एकाच दिशेला तोंड करून वाजवू लागली की आवाज छातीवर येऊन आदळायचा. आजोबांना आठवतो तो हाच धक्का. मायक्रोफोनमधून तो येत नाही, आणि खरं सांगायचं तर रेकॉर्डिंगमध्येही पूर्ण सापडत नाही.

पण याच वाद्यांचा सूर लावणं हे दिव्य होतं. गरम झालं की वर चढतं, दोन बिगुलं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि वरच्या पट्टीतले काही सूर ओठांनीच ओढून जागेवर आणावे लागतात. पन्नास-साठ मुलांनी हे चालता चालता करायचं. जुन्या फ्लीटवुड कंपनीच्या तबकड्या ऐका. अंगावर काटा येतो, आणि त्याच वेळी सूर कुठे कुठे सुटतोय हेही ऐकू येतं. आजच्या सरासरी कोअरचं स्वरजुळणीचं काम त्या काळच्या विजेत्यांपेक्षा स्वच्छ असतं. यात मला तिळमात्र शंका नाही.

ड्रमचं थोडक्यात सांगतो. स्नेअर, म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायचा कडकडीत आवाजाचा ड्रम, पूर्वी पट्ट्याने गळ्यात अडकवत, म्हणून तो तिरका लटकायचा. डाव्या हाताची उलटी पकड त्यातूनच आली. पुढे खांद्यावरचे कॅरियर आले, ड्रम सपाट झाला, तरी पकड तशीच राहिली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात केव्हलार या कणखर कृत्रिम धाग्याचं चामडं आलं आणि स्नेअर इतका ताणून बसवता येऊ लागला की त्याचा आवाज सुका आणि टोकदार झाला. आधीच्या मायलरच्या चामड्याचा भरीव, खोल आवाज गेला. त्याची मलाही आठवण येते. पण आज ड्रमलाइन जे बारकावे वाजवते ते त्या सैल चामड्यावर ऐकूच आले नसते. आणखी एक: टिंपनी, म्हणजे ठरावीक सुरात लावलेले मोठे नगारे, तेसुद्धा पूर्वी गळ्यात घेऊन चालत. एकेका मुलाकडे एकेक टिंपनी, सगळ्यांची मिळून धून. १९८२ पासून मोठी तालवाद्यं मैदानाच्या पुढच्या कडेला जमिनीवर ठेवायला परवानगी मिळाली, आणि तिथून ज्याला पिट म्हणतात तो विभाग वाढत गेला.

आता गुणांकडे. आजोबांच्या काळात ‘टिक’ची पद्धत होती. परीक्षक हातात कागद घेऊन रांगेच्या अगदी जवळून चालत. एखाद्याचं पाऊल चुकलं, एखादा सूर उशिरा सुटला, रांग वाकली, की कागदावर एक टिक आणि एक दशांश गुण वजा. या पद्धतीने दोन गोष्टी घडवल्या. मुलांमध्ये कमालीची शिस्त आली, सुराची सुरुवात आणि शेवट सगळ्यांचा एकाच क्षणी. दुसरं म्हणजे रचना सोपी आणि सममित राहिली, कारण अवघड काही केलं की चुका वाढणार आणि गुण कापले जाणार. मैदानाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना आरशातल्यासारखी आकृती, सरळ रांगा, ठरलेली वळणं. शोचा साचाही ठरलेला: सुरुवातीच्या रेषेवरून पिस्तुलाच्या बारावर निघायचं, राष्ट्रध्वजाला मानवंदना द्यायची, मध्ये एका जागी उभं राहून एक तुकडा वाजवायचा, आणि शेवटी जोरदार धून वाजवत बाहेर पडायचं.

प्रेक्षकाला हा साचा फार सोयीचा होता. कुठे बघायचं, कुठे टाळ्या वाजवायच्या, सगळं ठाऊक. ट्रूपर्सची सनबर्स्ट आकृती, सांता क्लारा व्हॅनगार्डचा बाटली नाच, मॅसॅच्युसेट्सच्या २७थ लान्सर्सचं ‘डॅनी बॉय’, लोक या क्षणांची वाट बघत बसायचे. सगळ्यात मोठा क्षण म्हणजे कंपनी फ्रंट. अख्खा कोअर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका सरळ रेषेत उभा राहतो आणि वाजवत थेट प्रेक्षकांवर चाल करून येतो. जुनी माणसं रडतात ती बहुतेक इथेच.

१९८४ मध्ये टिक पद्धत गेली. चुकांचे गुण वजा करण्याऐवजी कामगिरीचे गुण वर चढवत न्यायचे ठरलं. रचना किती समृद्ध आहे आणि ती किती उत्तम सादर झाली, दोन्हीला गुण. मला विचाराल तर या कलेतला सगळ्यात मोठा बदल हा होता. आता अवघड करण्यात फायदा होता. त्याच सुमारास गारफिल्ड कॅडेट्स या कोअरचे ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचाली, रचणारे जॉर्ज झिंगाली आरशातली सममिती मोडून आकृत्या वळवत, ताणत, वाहत्या ठेवत होते. कॅडेट्सनी १९८३, ८४ आणि ८५ अशी सलग तीन वर्षं डीसीआय जिंकली. आधी कोणीच ते केलं नव्हतं. त्यानंतर सरळ रांगेकडे परत जायला कोणाला कारणच उरलं नाही.

वेग वाढला की एक अडचण येते, ती प्रेक्षकांना दिसत नाही. मैदानाची खोली १६० फूट, म्हणजे साधारण ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला पोचायला सुमारे ०.१४ सेकंद लागतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या चालीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, तिथे हे कसंतरी निभावतं. १८० च्या चालीत ठोका असतो सेकंदाच्या एक तृतीयांशाचा, म्हणजे आवाज जवळजवळ अर्धा ठोका मागे पडतो. पुढे उभ्या असलेल्या मुलाने डोळ्यांनी ड्रम मेजरचा, म्हणजे पुढे उभं राहून ताल देणाऱ्याचा, हात बघून वाजवलं तर तो सगळ्यांच्या पुढे धावणार. म्हणून आम्ही शिकवतो: मागून येणारा ड्रमचा ठोका कानाने घ्या आणि त्यावर वाजवा. मागच्यांनी मात्र हातच बघायचा. कोण कधी कोणाचं ऐकणार, हे शोच्या प्रत्येक टप्प्याला बदलतं, आणि पोरं हे सगळं पळता पळता करतात. ‘आताची मुलं नुसती नाचतात’ असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही ते यामुळे.

पण याच पद्धतीने प्रेक्षकाला मागे टाकलं, हे मी मान्य करतो. परीक्षक एकाच शोला पुन्हापुन्हा बघतात आणि त्यातले थर शोधतात. प्रेक्षक बहुधा एकदाच बघतो. गुण थरांना मिळू लागले तसे शो त्या एकदा बघणाऱ्यापासून लांब गेले. धून आठ मोजण्यांत सुरू होते आणि पुढच्या आठांत दुसऱ्याच कशात विरघळते. टाळी द्यायला जागाच नाही. आजोबांना जे रिकामं रिकामं वाटतं, ते मला वाटतं इथे आहे.

१९९३ चं उदाहरण बघा. स्टार ऑफ इंडियाना या कोअरने बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या संगीतावर एक कडक, टोकदार शो केला. लोकांचा प्रतिसाद थंड होता. ते कॅडेट्सकडून फक्त एका दशांशाने हरले, ९७.३ विरुद्ध ९७.४, आणि त्यानंतर स्पर्धेतून बाहेर पडले. पुढे त्यांच्याच लोकांनी ‘ब्लास्ट’ हा रंगमंचावरचा प्रयोग केला आणि त्याला २००१ चा टोनी हा रंगभूमीचा पुरस्कार मिळाला. आज तोच १९९३ चा शो जुन्या पिढीतले कितीतरी लोक अभिजात म्हणून दाखवतात. हळहळ कुठल्या काळाची, हे बघणाऱ्याच्या वयावर बरंच अवलंबून असतं. सत्तरच्या दशकातल्या दोन व्हॉल्व्हच्या बिगुलावरही त्याआधीचे लोक नाराज होतेच.

स्पीकरचं माझं मत सरळ आहे. २००४ च्या हंगामापासून ध्वनिवर्धनाला परवानगी मिळाली आणि २००९ पासून इलेक्ट्रॉनिक वाद्यांना. पिटला माइक मिळाले हे फार चांगलं झालं. त्याआधी मारिम्बा, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं काठ्यांनी वाजवायचं वाद्य, वाजवणाऱ्या मुलांना स्टेडियममध्ये ऐकू जावं म्हणून टणक काठ्यांनी बदडावं लागे आणि वाद्याचा गोडवा मरायचा. एकल वादकाला माइक, तेही ठीक. मला पटत नाही ते सिंथेसायझरचा खर्ज ट्यूबांच्या, म्हणजे सगळ्यात खालचे सूर देणाऱ्या पितळी वाद्यांच्या, खाली ओतणं. दहा-पंधरा मुलं श्वास फुलेपर्यंत ट्यूबा वाजवताहेत आणि त्यांच्या पायाखालचा पाया यंत्र देतंय. त्यात २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये, छताखाली. तिथे तो खर्ज घुमत राहतो आणि ब्रासच्या कडा पुसल्या जातात. हा मुद्दा आजोबांनी मांडला तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन.

तरी नवीन म्हणजे कोरडं, हे खोटं आहे. फँटम रेजिमेंटचा २००८ चा ‘स्पार्टाकस’ बघा. गोष्ट स्पष्ट, शेवट बेफाम, आणि अख्खं स्टेडियम उभं. त्या वर्षी ते जिंकलेही. कॅरोलायना क्राउनचा २०१३ चा शो बघा. ते ब्रासवादन ऐकल्यावर जुन्या काळात असं कोणी वाजवलं असतं का, हा प्रश्न मनात येतो आणि उत्तर ‘नाही’ असंच मिळतं. ब्लूकोट्सच्या २०१४ च्या ‘टिल्ट’मध्ये सगळ्या कोअरचा सूर इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने हळूहळू वाकतो. तंत्र कशासाठी वापरावं, याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत शेकडो कोअर होते. गावचं चर्च किंवा माजी सैनिकांची शाखा खर्च उचलायची, वाद्यं कोअरची, आणि दहा-बारा वर्षांच्या पोराला स्वरलिपी येत नसली तरी घ्यायचे. कानावर शिकवायचे. मोठ्या कोअरखाली बालांचा छोटा कोअर असायचा. गिरणी कामगाराचा मुलगा संध्याकाळी सायकलवरून सरावाला जायचा. डीसीआयमुळे दर्जा वाढला, पण देशभर फिरण्याचा खर्चही वाढला. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, चर्च आणि सैनिक संघटना थकल्या, शाळांचे बँड मोठे झाले, आणि छोटे कोअर एकेक करून मिटले. आज मोजके उरलेत. सदस्य बहुतेक महाविद्यालयात संगीत शिकणारे, देशभरातून आणि जपानमधूनही येणारे. एका उन्हाळ्याची फी काही हजार डॉलर. १९३४ पासूनचे कॅडेट्ससुद्धा २०२४ मध्ये कोर्टकज्जे आणि पैशाच्या ओझ्याखाली बंद पडले. ती बातमी वाचली त्या दिवशी माझ्या माजी सदस्यांच्या कोअरमध्ये कोणाला वाजवावंसं वाटलं नाही. आजोबांना विचारा, त्यांच्या कोअरमध्ये एकाच गल्लीतली किती मुलं होती. मला वाटतं, आवाजापेक्षा त्यांना तीच जास्त आठवत असतील.

मात्र त्या गल्लीत सगळ्यांना जागा नव्हती, हेही सांगायला हवं. कितीतरी कोअर फक्त मुलांचे होते. मॅडिसन स्काउट्ससारखा १९३८ पासूनचा कोअर मुलींसाठी खुला व्हायला आपल्या काळापर्यंत थांबला. तुमची मुलगी त्या दिवसांत बऱ्याच दारांवरूनच परत आली असती.

तर तिला जाऊ द्या. फक्त थेट मोठ्या नावांच्या मागे लागू नका. डीसीआयमध्ये ओपन क्लास आहे. तिथे कोअर लहान असतात, फी आणि प्रवास तुलनेने कमी, आणि शिकवण्याकडे जास्त लक्ष. वयाची मर्यादा साधारण २१, त्यामुळे घाई नाही. मेलोफोनवाल्यांची गरज प्रत्येक कोअरला असते. आतापासून रोज लांब सूर धरायला सांगा, आणि मग तेच सूर चालता चालता: पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे पाऊल साडेबावीस इंचांचं, मेट्रोनोम लावून. पावलाचा धक्का सुरात ऐकू येऊ नये, ऑडिशनला पहिल्यांदा तेच तपासतात. फीमध्ये जेवण, बस आणि गणवेश धरलाय का, ते लेखी विचारा. कोअर मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय नियम पाळतो, तेही लेखीच मागा.

आणि जुलैमध्ये जवळ कुठे उघड्या मैदानावर शो असेल तर आजोबांना घेऊन जा. तिकीट मध्यरेषेजवळचं पण वरच्या रांगेतलं काढा. खाली बसलात तर पिटचे स्पीकर कानाशी येतील आणि आजोबांचं म्हणणं पहिल्या दोन मिनिटांतच पक्कं होईल.